१५, १० आणि उणे ६ : अंतर्गोल आरशाच्या एका गणिताचं प्रकरण

गणित नेहमीचंच आहे. १५ सेंमी नाभीय अंतराचा अंतर्गोल आरसा. त्याच्या ध्रुवापासून, म्हणजे आरशाच्या मध्यबिंदूपासून, १० सेंमीवर, मुख्य अक्षावर २ सेंमी उंचीची वस्तू उभी केली आहे. प्रतिमा कुठे मिळेल, कशी असेल आणि किती उंच असेल?

एका विद्यार्थिनीच्या वहीतलं उत्तर असं होतं : प्रतिमा आरशासमोर ६ सेंमीवर, वास्तव, उलट, वस्तूपेक्षा लहान, उंची १.२ सेंमी.

सूत्र बरोबर. दिलेल्या किमती चिन्हांसकट बरोबर. अपूर्णांकांचा लसावि बरोबर. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, काढलं होतं आणि त्यावरून ‘उलट, लहान’ हा निष्कर्षही रीतसर लिहिला होता. तरीही उत्तर चूक, आणि तेही थोडंथोडकं नाही. समोर खरीखुरी वस्तू ठेवल्यावर असं उत्तर देणारा अंतर्गोल आरसा असूच शकत नाही. या वहीपाशी मी जास्त वेळ थांबलो त्याचं कारण हेच. उत्तराचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी चोख जुळत होता. उणे आलं म्हणून समोर, समोर म्हणून वास्तव, वास्तव म्हणून उलट. मुलं उत्तर ‘तपासतात’ म्हणजे बहुतेक वेळा एवढंच पाहतात, आणि त्या तपासणीतून हे चुकीचं उत्तर अलगद निसटलं.

वहीतल्या ओळी जशाच्या तशा (व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं अंतर, एफ नाभीय अंतर) :

१/व्ही + १/यू = १/एफ
१/व्ही = १/एफ − १/यू
१/व्ही = −१/१५ − १/१०
१/व्ही = −५/३०
व्ही = −६ सेंमी

घोटाळा तिसऱ्या ओळीत आहे. यू म्हणजे वस्तूचं अंतर, आणि ते −१०. सूत्रात १/यू वजा करायचा आहे, म्हणजे −(−१/१०), म्हणजे अधिक १/१०. तिने दोन उण्यांऐवजी एकच लिहिलं. विचारल्यावर म्हणाली, “सर, यूचं मायनस घातलंय की मी.” ते खरंच घातलं होतं. गेलं होतं ते सूत्रातलं उणे.

हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, असं माझं मत आहे. त्या ओळीत दोन वेगळ्या कामांची दोन उणी चिन्हं आहेत. सूत्रातलं उणे ही क्रिया आहे, ‘वजा करा’ असं ते सांगतं. −१० मधलं उणे ही दिशा आहे. ध्रुव हा आरंभबिंदू धरला आणि प्रकाश जातो ती दिशा धन मानली, तर आरशासमोरची वस्तू ऋण बाजूला येते. क्रिया आणि दिशा एकाच खुणेने लिहिल्या जातात, त्यामुळे डोळा त्यांना एकच समजतो. अशा उत्तराखाली लाल शाईने ‘चिन्ह पाहा’ लिहून काही साधत नाही, कारण चिन्ह तिने पाहिलेलंच असतं.

बरोबर मांडणी अशी :

१/व्ही = १/(−१५) − १/(−१०) = −१/१५ + १/१० = (−२ + ३)/३० = +१/३०

व्ही = +३० सेंमी. प्रतिमा आरशामागे, आभासी, म्हणजे वास्तव प्रतिमेसारखी कागदावर न पडणारी. विशालन = −व्ही/यू = −(+३०)/(−१०) = +३. म्हणजे प्रतिमा सुलट, तिप्पट, ६ सेंमी उंच.

इथे थांबलं तर एक गणित दुरुस्त होतं, एवढंच. मला तिच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : आकडेमोड पुन्हा न करता, नुसतं −६ पाहून हे अशक्य आहे असं तुला म्हणता येईल का?

जिथे प्रतिमा कधीच पडत नाही

म्हणता येतं. त्यासाठी वस्तू फार लांबून हळूहळू आरशाकडे येते आहे अशी कल्पना करायची.

वस्तू खूप दूर असते तेव्हा तिच्या एका बिंदूतून निघालेले किरण आरशापर्यंत येईतो जवळपास समांतर झालेले असतात. आरसा त्यांना नाभीपाशी एकत्र आणतो, म्हणजे आपल्या आरशात समोर १५ सेंमीवर. वस्तू जवळ आली की किरण आरशावर येतानाच थोडे फाकलेले असतात. आरशाची वळवण्याची ताकद तेवढीच आहे, मग फाकलेल्या किरणांना एकत्र यायला जास्त अंतर लागणार. म्हणून वास्तव प्रतिमा नाभीच्या पलीकडे सरकत जाते. वस्तू वक्रता केंद्रावर (आरसा ज्या गोलाचा भाग आहे त्याच्या केंद्रावर), म्हणजे ३० सेंमीवर आली की प्रतिमाही ३० वर. वस्तू २० वर आली की प्रतिमा ६० वर. वस्तू नाभीवर आली की परत फिरलेले किरण समांतर निघतात, ते कुठेच मिळत नाहीत. आणि वस्तू नाभीच्याही आत शिरली, तर किरण इतके फाकलेले असतात की आरशाने वळवूनही ते फाकतच जातात. मागे वाढवलेल्या त्यांच्या रेषा आरशामागे मिळतात, तिथे आभासी प्रतिमा दिसते.

या सगळ्या प्रवासात एका जागी प्रतिमा कधीच आली नाही : ध्रुव आणि नाभी यांच्यामध्ये, आरशासमोर. खऱ्या वस्तूची प्रतिमा अंतर्गोल आरसा त्या पट्ट्यात कधीच तयार करत नाही. आपला पट्टा शून्य ते १५ सेंमीचा आहे आणि −६ बरोबर त्यातच पडतं. संपलं. लसावि काढायची गरज नाही.

याच वाटेने आणखी थोडं पुढे जाता येतं. वस्तू १० वर, नाभी १५ वर, म्हणजे वस्तू नाभीच्या आत. तर प्रतिमा आरशामागे असणार, सुलट असणार. ती ध्रुवापासून १० सेंमीपेक्षा लांब असणार हेही ठरलेलं, कारण किरण परत येताना येतानाच्यापेक्षा कमी फाकलेले असतात, त्यामुळे ते जास्त दूरच्या बिंदूतून आल्यासारखे वाटतात. आणि प्रतिमा वस्तूपेक्षा जास्त लांब म्हणजे ती वस्तूपेक्षा मोठी. एवढं सगळं सूत्राला हात न लावता कळतं. सूत्राकडून फक्त ३० हा आकडा घ्यायचा उरतो.

म्हणून माझा आग्रह असा की किमती घालण्याआधी वहीत एक वाक्य लिहावं : प्रतिमा कुठल्या बाजूला, कुठल्या दोन अंतरांच्या मध्ये, लहान की मोठी. किरणाकृती हे वाक्य लिहायला मदत करते. पण बरीच मुलं आकृती गणित सुटल्यावर काढतात, आणि आलेल्या उत्तराला साजेशी काढतात. तिच्या वहीतही आकृती होती. तीत एक किरण नाभीतून न जाता ध्रुवापासून ६ सेंमीवर मिळायला हवा म्हणून वाकवलेला होता.

आकृती आलेखकागदावर नीट काढायची तर आरसा वक्र न काढता ध्रुवातून जाणारी सरळ उभी रेष काढावी. ३० सेंमी त्रिज्येचा कंस ६ सेंमी उंचीवर ध्रुवाच्या पातळीपासून सुमारे ०.६ सेंमी पुढे येतो, आणि तेवढ्याने उत्तर बिघडतं. सूत्र अक्षाजवळच्या किरणांसाठीच आहे, त्यामुळे आकृतीतही आरसा सपाट धरणं योग्य. मग नाभीपासून वस्तूच्या टोकातून जाणारी रेष ओढा. ५ सेंमीत ती २ सेंमी चढते, म्हणजे १५ सेंमीत ६. आरशाला ती ६ सेंमी उंचीवर लागते आणि तिथून अक्षाला समांतर परत फिरते. प्रतिमेची उंची मिळालीच. आता वस्तूच्या टोकातून निघालेला समांतर किरण घ्या. तो आरशाला २ सेंमी उंचीवर लागून नाभीतून जातो. त्याची रेष मागे वाढवली की १५ सेंमीला २ सेंमी या चढाने ६ सेंमी उंची गाठायला नाभीपासून ४५ सेंमी लागतात. त्यातले १५ आरशासमोरचे, ३० मागचे. दोन रेषा, आणि सगळं उत्तर कागदावर.

दुसरं उत्तर : −३०

आठवड्याभराने तिने तेच गणित पुन्हा सोडवून आणलं. या वेळी उत्तर होतं −३०, आणि खाली लिहिलेलं : आरशासमोर ३० सेंमीवर, वास्तव प्रतिमा. मांडणी अशी : १/व्ही = १/१५ − १/१० = −१/३०.

हे कुठून आलं? तिने दुसऱ्या एका पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण पाहिलं होतं, आणि त्यात अशाच गणिताचं उत्तर खरोखर −३० होतं. ते पुस्तक चुकलेलं नव्हतं. त्यातला चिन्ह संकेत वेगळा होता : वास्तव ते धन, आभासी ते ऋण. त्या पद्धतीत अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर +१५, खऱ्या वस्तूचं अंतर +१०, आणि −३० याचा अर्थ ‘आभासी, म्हणून आरशामागे’. दोन्ही पुस्तकं एकाच जागेवर बोट ठेवत होती. तिने आकडेमोड एका संकेताने केली आणि उत्तराचा अर्थ दुसऱ्या संकेताने लावला.

आरशाच्या बाबतीत ही गफलत होणं फार सोपं आहे, कारण दोन्ही संकेतांत सूत्र एकसारखंच दिसतं. भिंगाच्या सूत्राचं तसं नाही. कार्टेशियन संकेतात, म्हणजे आपण आधी वापरलेल्या दिशेच्या संकेतात, तिथे १/व्ही − १/यू असतं, दुसऱ्यात १/व्ही + १/यू, त्यामुळे निदान खटकतं तरी. आरशाच्या सूत्रात खटकण्यासारखं काही नाही. मी स्वतः कार्टेशियन संकेत शिकवतो, कारण पुढे आरसे आणि भिंगं एकापुढे एक मांडली की एकाच अक्षावर सगळं मोजता येतं. पण दुसरा संकेत कमी प्रतीचा आहे असं मी म्हणणार नाही. पानाच्या माथ्यावर कुठला संकेत वापरतोय ते लिहावं आणि पान संपेपर्यंत तो सोडू नये.

‘आरशासमोर ३० सेंमीवर’ हे उत्तर नुसत्या नजरेने खोडता येतं का? निषिद्ध पट्ट्याचा नियम इथे लागू पडत नाही, कारण ३० नाभीच्या पलीकडे आहे. पण ३० सेंमी म्हणजे वक्रता केंद्र. प्रकाशाचा मार्ग उलट फिरवता येतो : जिथे प्रतिमा आहे तिथे वस्तू ठेवली, तर प्रतिमा वस्तूच्या मूळ जागी येते. वक्रता केंद्रावर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा वक्रता केंद्रावरच पडते, १० सेंमीवर नाही. त्यामुळे १० वरच्या वस्तूची प्रतिमा ३० वर पडू शकत नाही. हे मात्र तिने स्वतः शोधून काढलं. मी फक्त “३० सेंमीवर काय असतं?” एवढंच विचारलं होतं.

दोन आकडे, चार उत्तरं

या टप्प्यावर मी तिला सगळ्या शक्यता मांडायला लावलं. १५ आणि १० या दोन आकड्यांना चिन्हं लावायचे चारच प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकाराला एक उत्तर आहे.

एफ −१५, यू −१० : व्ही = +३०. हे आपलं गणित.

एफ +१५, यू −१० : व्ही = +६. हा बहिर्गोल आरसा. प्रतिमा मागे, सुलट, लहान. तिच्या पहिल्या उत्तरातला ६ हा आकडा या आरशाचा आहे.

एफ −१५, यू +१० : व्ही = −६. वस्तूचं अंतर धन, म्हणजे वस्तू आरशामागे. शाळेत हे सहसा येत नाही, पण ते निरर्थक नाही. दुसऱ्या एखाद्या भिंगाने एकवटत आणलेले किरण आरशामागे १० सेंमीवर मिळणार होते आणि मध्येच आरसा आला, असा याचा अर्थ. आधीच एकवटत असलेल्या किरणांना अंतर्गोल आरसा आणखी एकवटतो, म्हणून ते नाभीच्याही अलीकडे, ६ सेंमीवर मिळतात. निषिद्ध पट्ट्याबद्दल बोलताना मी ‘खऱ्या वस्तूची’ हे शब्द घातले होते ते यासाठी.

एफ +१५, यू +१० : व्ही = −३०. एकवटत जाणारे किरण बहिर्गोल आरशावर पडतात आणि त्याच्यासमोर ३० सेंमीवर वास्तव प्रतिमा बनते. बहिर्गोल आरसा आणि वास्तव प्रतिमा! पुस्तकातलं ‘बहिर्गोल आरशाची प्रतिमा नेहमी आभासी’ हे वाक्य खऱ्या वस्तूपुरतंच खरं आहे. १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅसेग्रेन पद्धतीच्या दुर्बिणीत नेमकं हेच घडतं. मोठ्या अंतर्गोल आरशाने एकवटलेला प्रकाश नाभीला पोचायच्या आत छोट्या बहिर्गोल आरशावर पडतो आणि तिथून परत फिरून वास्तव प्रतिमा बनवतो.

तिची दोन्ही चुकीची उत्तरं या यादीत सापडली. चुकीचं चिन्ह उत्तराला नुसतं ‘थोडं इकडेतिकडे’ करत नाही, ते आरसाच बदलून टाकतं किंवा वस्तू आरशाच्या पलीकडे नेऊन ठेवतं. हे एकदा दिसलं की चिन्हाकडे पाहण्याची नजर बदलते.

जाता जाता : −६ आणखी एका वाटेने येऊ शकतं. आरशाच्या जागी चुकून भिंगाचं सूत्र वापरलं तरी १/व्ही = −१/१५ − १/१० हीच ओळ मिळते, आणि १५ सेंमीच्या अंतर्वक्र भिंगासाठी ते उत्तर बरोबरही असतं. म्हणून तपासणाऱ्याने नुसतं उत्तर पाहून निदान करू नये. या मुलीच्या वहीत पहिल्या दोन ओळी आरशाच्याच होत्या, म्हणून भिंगाची शंका फिटली.

पिना लावून पडताळा

आरसा प्रयोगशाळेत होताच. आधी नाभीय अंतर : लांबच्या खिडकीची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडायची आणि आरशापासून कागदाचं अंतर मोजायचं. मग आरशासमोर १० सेंमीवर एक पिन उभी केली. कागद ६ सेंमीवर धरला, काही नाही. ३० सेंमीवर धरला, काही नाही. आरशात पाहिलं तर सुलट, मोठी पिन.

आभासी प्रतिमेची जागा कागदाने मिळत नाही, ती दृष्टिभेदाने काढावी लागते. आरशामागे एक उंच पिन ठेवली, तिचं टोक आरशाच्या वरच्या कडेवरून दिसेल अशी. आता डोकं हळूच उजवीकडे न्यायचं. मागची पिन आरशातल्या प्रतिमेच्या मानाने डावीकडे सरकली, तर ती प्रतिमेपेक्षा जवळ आहे, मागे न्या. उजवीकडे सरकली तर फार मागे गेली, पुढे आणा. डोकं हललं तरी दोन्ही एकत्र राहतात ती प्रतिमेची जागा. तिला ती आरशामागे ३० सेंमीच्या आसपास मिळाली. नेमकी ३० मिळत नाही, आणि मिळायचा हट्टही धरू नये. वस्तू नाभीच्या जवळ असताना वस्तूच्या अंतरातली छोटीशी चूक प्रतिमेच्या अंतरात कित्येक पटींनी मोठी होते. हाच आरसा घ्या : वस्तू १४ सेंमीवर असेल तर प्रतिमा मागे २१० सेंमीवर, आणि १६ वर असेल तर समोर २४० सेंमीवर.

दुसरं कारण आरशाच्या आकारात आहे. गोलीय आरसा समांतर किरणांना एकाच बिंदूत आणत नाही. आपल्या आरशात अक्षापासून ३ सेंमीवरचा समांतर किरण ध्रुवापासून सुमारे १४.९ सेंमीवर अक्षाला छेदतो, तर १५ सेंमीवरचा किरण सुमारे १२.७ सेंमीवर. आरसा रुंद असेल तर कडेचा भाग काळ्या कागदाने झाकावा, प्रतिमा लगेच सुधारते.

पुढचं गणित

समज पक्की झाली का हे पाहायला मी चौथ्या प्रकाराची उजळणी दिली नाही. तोच आरसा ठेवून प्रश्न फिरवला : प्रतिमा तिप्पट हवी, वस्तू कुठे ठेवाल?

ती लगेच म्हणाली, “१० वर. आत्ताच केलं की.” मग थोडा वेळ गप्प. मग, “पण सर, तिप्पट म्हणजे उलटी तिप्पट चालेल का?”

हा प्रश्न मला उत्तरापेक्षा मोलाचा वाटला. विशालन −३ घेतलं की व्ही = ३ यू, म्हणजे १/(३ यू) + १/यू = −१/१५, त्यावरून ४/(३ यू) = −१/१५ आणि यू = −२०. प्रतिमा समोर ६० सेंमीवर, वास्तव, उलट. एकाच तिप्पट प्रतिमेसाठी दोन जागा : १० आणि २०. दोन्ही नाभीपासून ५ सेंमीवर, एक आत, एक बाहेर.

ही सममिती योगायोगाने आलेली नाही. अंतरं ध्रुवाऐवजी नाभीपासून मोजली तर वस्तूचं अंतर गुणिले प्रतिमेचं अंतर बरोबर नाभीय अंतराचा वर्ग येतो. हे सूत्र न्यूटनच्या नावाने ओळखलं जातं. इथे ५ × ४५ = २२५ = १५ × १५. नाभीपासून ४५ सेंमी एका बाजूला मोजलं की आरशामागचं ३० येतं, दुसऱ्या बाजूला मोजलं की समोरचं ६० येतं. विशालन १५/५ = ३. प्रतिमा कुठल्या बाजूला हे आधी ठरवलेलं असेल, तर पडताळ्यासाठी याहून सोपं साधन मला माहीत नाही.

तिच्या वहीत आता किमती घालण्याची ओळ कंसांसकट असते, १/(−१५) − १/(−१०) अशी, आणि त्याआधी प्रतिमेच्या जागेचं एक वाक्य असतं. विशालनाच्या सूत्रातलं उणे मात्र अधूनमधून अजूनही गळतं. तिथेही क्रिया आणि दिशा एकाच ओळीत येतात, म्हणून तिथेही सध्या कंसच लिहून घेतोय.